चिंचोबा

वाशीच्या हॉटेलात थर्टी फर्स्टचा कार्यक्रम होता.
आयोजक ॲडव्हान्ससकट पळाला,
आणि किंग टॅमरिंड, राहणार किंग्स्टन, वय त्रेसष्ट,
आमच्या टेम्पोत बसून घणसोलीला आला,
कारण स्पीकर आमचे होते
आणि भाडं आमचंही बुडालं होतं.

टॅमरिंड म्हणजे चिंच, हे मास्तरांच्या हर्षलीनं सांगितलं.
जोमाआत्या म्हणाली, मग चिंचोबाच की रं,
आणि तांदळाची भाकर, सुकटीचं कालवण वाढलं.
त्यानं आधी वास घेतला.
म्हणाला, माझी आई बंदरावर मासळी विकायची.
भाषांतर हर्षलीचं, खरंखोटं ती जाणे.

नवव्या वर्षी दुसऱ्याच्या स्पीकरच्या वायरी वाहिल्या.
चौदाव्या वर्षी माईक मिळाला,
माईकवाला पिऊन झोपला होता म्हणून.
एकोणिसाव्या वर्षी एक गाणं असं चाललं
की लंडनच्या बर्फात माणसं घामेजली.
त्या गाण्याच्या कागदावर सही केली एका मोटरसायकलीसाठी.
मोटरसायकल चोरीला गेली.
गाणं अजून वाजतं.
पुढं दौरे : आधी मैदानं, मग हॉल, मग बोटीवरची लग्नं,
मग वाशी.

ओट्यावर आजा ऐकत होता.
त्यानंही एकदा अंगठा दिलेला, मिठागरावर.
'याला किती टक्के भेटलं?'
चिंचोबानं बोटानं हवेत शून्य काढलं.
आजा बराच वेळ गप्प.
'आमाना साडेबारा तरी,' म्हणाला,
आणि तोंडातली पेटती विडी त्याच्याकडं सरकवली.

हळदीच्या रात्री मी म्हटलं, गा.
त्यानं घशावर हात ठेवून मान हलवली.
मग उठला, माझ्या बेसच्या पेट्या
एकेक करून भिंतीकडं फिरवल्या,
गुडघ्यावर बसून प्लायवुडला कान लावला,
तापलेल्या पोराच्या पाठीला डॉक्टर लावतो तसा.
मग ढोलकीवाल्या परेशपाशी गेला
आणि पहिली थाप पडायच्या आत त्याचा हात धरला.
सोडला. पुन्हा धरला.
पहिली सोड. पहिली सोड.
धवलारीण भडकली, गाना मोडतंय मेला!
आणि थोड्या वेळानं तीच
त्या रिकाम्या जागेत श्वास घ्यायला लागली,
मग पाय टाकायला.
जिथं काहीच वाजत नाही
नेमकी तिथंच कंबर का हलते,
मांडवातल्या बायकांना कळेना.

दहाला पोलीस आले.
गाडीचा दिवा दिसला तसा चिंचोबा
दोन्ही हात वर करून भिंतीला टेकला, सवयीनं.
हवालदारच ओशाळला.
काका, नुसता आवाज कमी करा.

नवव्या दिवशी कुठून तरी तिकीट आलं.
जाताना त्यानं पेट्यांवर एकदा हात फिरवला, आमच्यावर नाही.

दर लग्नसराईत मी साडेबारा टक्के बाजूला काढतो.
बिस्किटांच्या डब्यात आज बावीस हजार आठशे आहेत.
पत्ता कुणाकडंच नाही.
आजा रात्री विचारतो, चिंचोबाचं धाडलंस का?
धाडलं, मी म्हणतो.
मग त्याला झोप लागते.