निळी पिन

तिबिलिसीत, दिदुबेच्या बाजारात, पुलाखाली
नुग्झारची टपरी. भिंतभर खिळे, खिळ्यांना वायरी.
मी नवा. पहिला महिनाभर एकच काम:
डोळे मीट, टोक हातात घे, नाव सांग.

तीन ओळींत पंधरा पिना, दोन्ही अंगांना पिळायचे स्क्रू: व्हीजीए.
"म्हातारी आहे, पण एकदा बसली की हलत नाही."
रुंद, एका कडेला आडवं पातं: डीव्हीआय.
"पात्याभोवती चार पिना आहेत का चाचप.
नसतील तर म्हातारीची भाषा हिला कळायची नाही.
ही फक्त हो आणि नाही जाणते."
चपटी, खालचे दोन्ही कोपरे आत घेतलेले: एचडीएमआय.
"चेहरा आणि आवाज एकाच पोत्यात आणते,
पण शेजारून मांजर गेलं तरी निसटते."
एकच कोपरा कापलेला: डिस्प्लेपोर्ट.
"हिला आधी दाब, मग ओढ.
विसरलास तर सॉकेट हातात येईल."
हे सांगताना तो दुसरीकडे बघायचा.

नोव्हेंबरात त्सिआला आली,
नातवाच्या जुन्या बाबागाडीत मॉनिटर घालून.
बस म्हटलं तर बसली नाही.
"माझी मक्वाला इटलीत असते, बारीला,
परक्यांच्या आयांना न्हाऊ घालते.
तीन आठवडे झाले, पिवळी दिसते.
डोळ्यांतलं पांढरंसुद्धा.
विचारलं की हसते, बरी आहे म्हणते.
आवाज तर ठणठणीत.
तिच्या बापाचंही असंच सुरू झालं होतं."

नुग्झारने मॉनिटर लावलाच नाही.
वायरचं टोक दिव्याखाली धरलं, मग मला दिलं.
मी डोळे मिटले.
पहिली ओळ, मधली पिन. आडवी झोपलेली.

कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात.
इथे वायरलाच कावीळ:
लाल येत होता, हिरवा येत होता,
निळा उंबऱ्यातच वाकून राहिलेला.
आवाजाची तार वेगळी, म्हणून तो धडधाकट.

घड्याळजीच्या चिमट्याने त्याने पिन उभी केली,
श्वास धरून.
"एकदा सरळ होते. दुसऱ्यांदा तुटते."
"म्हणजे ती आजारी नाही?"
"मी पिनेचं सांगतो, बाई. तिचं तिला विचारा."

पैसे किती, ते तिने दोनदा विचारलं.
स्क्रू घरी कोण पिळणार म्हणून मी बरोबर गेलो,
पाचवा मजला, लिफ्ट बंद.

पुढच्या गुरुवारी परत आली. बाबागाडी नव्हती.
"निळा आला," म्हणाली.
"आता तिच्या डोळ्यांखालचं सगळं दिसतं."

नुग्झारने भिंतीकडे पाहिलं,
एकेका खिळ्यावरून नजर फिरवली, जणू शोधतोय.
मग स्टुलावरचा खोका खाली ठेवला,
स्टूल बाहीने पुसलं.
ह्या वेळी ती बसली.