शेकडा तीन

माघात वारा सुटला की नंदुरबार शिंकतं.
बाहेरचा माणूस आलाय, ते शिंकेवरूनच कळतं;
आम्ही नुसतं नाक पुसतो.
पथारीवर नजर पोचेल तिथवर लाल अंथरलेलं,
आणि त्यात तोंडाला पदर बांधलेल्या बाया
देठ खुडत असतात, किलोच्या भावानं.

मी बँकमित्र. म्हणजे एक टेबल, एक छत्री
आणि बोटाचा ठसा घेणारं काडेपेटीएवढं यंत्र.
वंतीबाईचा अंगठा त्यावर टेकला
की यंत्र म्हणतं, जुळत नाही.
पुसून, तेल लावून. जुळत नाही.
डावा. जुळत नाही.
अकरा हंगामांच्या तिखटानं रेषा खाल्ल्यात.
खात्यात तिचे दोन हजार एकशे चाळीस आहेत,
आणि ती तीच आहे हे मला माहीत आहे,
पण मला माहीत असून भागत नाही.

परवा साहेब आले, साक्षरता शिबिर घ्यायला.
दोन बांबूंना फलक बांधला.
चलनवाढ म्हणाले, जोखीम म्हणाले,
"उद्याच्या स्वप्नांची" म्हणाले आणि ठसका लागला.
पाणी प्याले. फोटो झाला. गेले.
फलक राहिला. दुपारी त्याची सावली बरी पडते.

त्या सावलीत भाकरी सोडताना वंतीबाईनं
बाजारातल्या अहिराणीत विचारलं,
"भाऊ, तीन कमी शे का बारा?"
तीन, मी म्हणालो.
"मंग? उखाजी तीन लेस, तुनी बँक बारा लेस.
मी तीनवालाकडेच जास."

माझ्याजवळ पाटी नव्हती.
मी पोतं झटकलं, शंभर मिरच्या मांडल्या, दहा ओळी.
हे तू घेतलेले शंभर.
आता चैत्राच्या तीन काढ, उखाजीच्या.
वैशाखाच्या तीन.
ज्येष्ठ. आषाढ.
पोळ्यापर्यंत बाया हसत होत्या.
दिवाळीला एकीनं घास हातातच धरला.
फागणाच्या तीन, होळी आली,
आणि बाजूचा ढीग मोजला तर छत्तीस.
आणि हे शंभर? ते तर अजून आख्खे द्यायचेत.
बँकेच्या बारा मी शेजारी ठेवल्या.
वर्षाच्या बारा. महिन्याच्या नाही.

"परत मांड," ती म्हणाली.
परत मांडलं.
तिसऱ्यांदा तिनं स्वतः मांडलं, माझा हात बाजूला सारून,
आणि मला आठवला माझ्या मोटारसायकलचा हप्ता,
जो मी असा कधीच मांडला नव्हता.

मग ती फार वेळ बोलली नाही.
सात वर्षं, असं काहीतरी पुटपुटली, स्वतःशी.
मला वाटलं, आता ही म्हणेल, बरं झालं सांगितलं.
ती म्हणाली,
"रातले पोर तापमा ऱ्हायनी, ते तुना बारावाला
दार उघडस का?"

मी यंत्राकडे बघितलं.
यंत्राचा दिवा हिरवा होता, उगाच.

उत्तर मला अजून सापडलेलं नाही.
शाखेत अर्ज दिलाय, डोळ्याच्या ठशासाठी;
"बघू" असा शेरा येऊन तो परत आलाय.
बायांनी आठवड्याला वीस-वीस
एका पत्र्याच्या डब्यात टाकायला सुरुवात केलीय,
रात्रीच्या तापासाठी.
डब्याची किल्ली कुणाकडे, यावर दोनदा भांडण झालं.
चांगलं कडाक्याचं.

त्या दिवशी मात्र सुट्टी संपली, मुनीम ओरडला,
सगळ्या उठल्या.
वंतीबाईनं चौसष्ट मिरच्या ढिगात लोटल्या
आणि छत्तीस पदरात बांधल्या.
मुनीम म्हणाला, काय गं ते?
"व्याज," ती म्हणाली.
त्यानं पदर काट्यावर ठेवायला लावला.
काटा हललासुद्धा नाही.
ती वाकून बराच वेळ
त्या न हललेल्या काट्याकडे बघत राहिली.
मग आपलं दिवसाचं पोतं ओढत आणलं
आणि म्हणाली,
आता हे. पुन्हा.
माझ्यासमोर.