तीन इंच पितळ

हरभट रोडवर माझं दुकान, अडीच माणसांचं.
एक मी, एक गिऱ्हाईक,
आणि अर्धं, जे पायरीवर उभं राहून सल्ला देतं.

सोमवारपासून ढाल टेबलावर पडून आहे.
आंतरमहाविद्यालयीन खो-खो, मुली.
लाकूड सागवानी, मधे पितळी पट्टी, तीन इंच.
वर्ष कोरून झालंय.
नावाची जागा मोकळी.

विटा हरलं नाही. दहिवडी हरली नाही.
सांगली विभाग एकीनं मारला, सातारा दुसरीनं,
आणि अंतिम सामन्याचं मैदान
कारखान्याच्या मतमोजणीला गेलं.
दोन्ही खांब उपटले, टेबलं मांडली,
फक्कीच्या ताज्या रेघांवरून
पेट्यांचा टेम्पो गेला.
पुढं परीक्षा. तेव्हा समितीच ठरवणार.

आवटी सर म्हणाले, गुणांची सरासरी काढा.
कोरेअण्णा भडंगाची पुडी सोडत म्हणाले,
सरासरी कुणाविरुद्धची?
विट्यानं बारा गुणांनी लोळवलं ते कॉलेज
श्रमदानाच्या शिबिरातून थेट मैदानात उतरलेलं,
दोघींच्या तर हाताला अजून चुना.
मग साखळी पद्धत घ्या.
साखळीला महिना लागतो, एसटीचं भाडं तुम्ही देताय?
मग बाद पद्धत.
एका सकाळी एकीचा पाय मुरगळला
की वर्षभराचं पळणं बाद?
मग चार संघ बोलवा.
पाचवा रडतो.
आठ बोलवा.
नववा माझ्याकडं येतो, वकील उपाध्ये पायरीवरून म्हणाले.

बरोबरी झाली तर खो-खोत
लघुत्तम आक्रमण असतं, अण्णांनी मला समजावलं.
पहिला गडी टिपायला कुणाला किती सेकंद लागले,
बस्स, तेवढंच मोजायचं.
घड्याळाला गाव नसतं, मकानदार.
पण त्यालाही आधी
एकमेकींसमोर बसावं लागतं,
पाठीला पाठ न लावता,
एक उत्तरेकडं तोंड, एक दक्षिणेकडं.
इथं तर दोघींनी एकमेकींना
फक्त पेपरात पाहिलंय.

बुधवारी फोन. विटा, चार विरुद्ध तीन.
सुई टेकवणार तेवढ्यात दुसरा फोन, थांबा,
एका सदस्यानं तक्ता उलटा वाचलाय.
गुरुवारी पुन्हा विटा, पुन्हा चार-तीन.
पण म्हणे या वेळचे चार वेगळे.

शटर अर्धं ओढलं होतं, तेव्हा ती वाकून आत आली.
गुडघ्यावर वाळलेलं लाल औषध, खांद्याला किटबॅग.
मदने, दहिवडी, कॅप्टन.
"काका, उपविजेत्याची पट्टी कुठाय?"
मी खण ओढून दाखवली. दोन इंची, निकेलची.
तिनं ती उलटीपालटी केली,
नखानं कोपरा खरवडला.
"पण आमी हरलो कुणाकडनं?"

सव्वीस वर्षं मी 'उप' कोरतोय.
दोनच अक्षरं, सुई आपोआप वळते.
हा प्रश्न आजवर
कुणी काउंटरच्या पलीकडून विचारला नव्हता.
मी चहा सांगतो म्हणालो.
नको म्हणाली, गाडी चुकेल.
तिची गाडी विट्यावरूनच जाते.

रात्री कोरायला बसलो.
तीन इंचात कॉलेज मावतं, वर्ष मावतं,
तालुका थोडा दाबून मावतो.
कसं ठरलं ते मावत नाही.
टेम्पो मावत नाही, अण्णांचं घड्याळ मावत नाही,
वेगळे चार तर मुळीच नाहीत.

काम चोख झालं. विट्याचा 'ट्या' फार देखणा आला,
आणि खरं सांगतो, विट्याच्या पोरीही काही कमी पळाल्या नाहीत.
मग पट्टी उपडी केली.
जी बाजू लाकडाला चिकटते,
स्क्रू पिळल्यावर पुन्हा कुणाला दिसत नाही,
तिथं बारीक अक्षरात घातलं
सामना झाला नाही.

अक्षराचे चार रुपये.
मागचं बिलात धरलं नाही.