बत्ताशीचे खूर

सारंगखेड्याच्या बाजारात घेतली तेव्हा
तिच्या तांबड्या पाठीवर पांढरे ठिपके होते,
म्हणून बत्ताशी.
नाव ठेवलं आणि फसलो.
दोंडाईचा ते शहादा, कुठल्याही वरातीत
नाव ऐकलं की कुणीतरी मूठ पुढे करायचंच:
गूळ, बुंदी, भिजवलेली हरभऱ्याची डाळ,
एकदा नवरदेवाच्या मामाने जिलबीचा अख्खा पुडा.
मीही म्हणायचो, खाऊ द्या, लक्ष्मी आहे.
मानेवर चरबीची वळी चढली.
लोक म्हणाले, काय तब्येत!
मी त्या वळीला गोंडे बांधले.

वैशाखात, अकरा लग्नांनंतरच्या सकाळी,
ती ठाणावर उभी होती
पुढचे पाय पुढे टाकून, सगळा भार मागे,
जसं तापल्या फरशीवर माणूस टाचांवर उभं राहतं.
मी ओढलं. आली नाही.
मी शिवी दिली.
तीही इथे लिहून ठेवतो.

याकूब नालबंदाने खूर उचललाच नाही.
नुसता तळहात ठेवला वरून,
आणि बसल्या जागी म्हणाला,
"हाई लंगडी नई भो,
हाई निखारावर उभी शे."

डॉक्टर गिरासे बाई शिरपूरहून आल्या.
म्हणाल्या, घोड्याचं हाड खुरात उभं नसतं,
टांगलेलं असतं, पाळणा कड्यांना असतो तसं.
कड्या सुटत आल्यात.
रक्तात इन्सुलिन चढलंय.
म्हटलं, माझी आई टोचून घेते तेच?
तेच. आईला कमी पडतं, हिला जास्त झालंय.
ओट्यावरून आई हसली,
पहिल्यांदाच त्या सुईवर.

तापीकाठच्या भोयांकडून मासळीचा बर्फ आणला.
दोन दिवस, तीन रात्री
पुढचे पाय बर्फाच्या गोणीत.
गल्लीभर बोंबलाचा वास, मांजरं ठाणाभोवती.
खाली नदीची वाळू, गुडघाभर,
पडली तर पडू दे, म्हणाल्या, बसली तर उठवू नका.
चालवून बघायचं नाही.
हे सगळ्यात अवघड गेलं,
मला चालवूनच बघायची सवय.

मका बंद, ढेप बंद,
उसाच्या वाढ्याचं नाव काढायचं नाही.
पण उपाशीही ठेवायचं नाही, उपाशी ठेवली तर दुसरंच काही होतं.
वाळलेलं गवत आधी काट्यावर तोलायचं,
मग तासभर पाण्यात बुडवायचं,
आणि ते पाणी फेकून द्यायचं.
चहासारखं पिवळं पाणी.
पहिल्या दिवशी पटलं नव्हतं मला.
संध्याकाळी पाहिलं,
पाणी फेकलं त्या जागी
मुंग्यांची रांग लागली होती.

तुळशीचं लग्न झालं, सुपाऱ्या यायला लागल्या.
याकूबने अंगठा मागे घेतला, टाच उतरवली,
डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलं, तासभर, मऊ रस्त्याने.
तोंडाला बैलाचं मुसकं बांधून नेली.
नवऱ्याची आत्या ताट घेऊन आली, गुळाचं.
मी ताट अडवलं.
आत्या म्हणाली, शुभाला नाही म्हणतोस?
म्हटलं, हो.
अर्धेच पैसे दिले त्यांनी.
वरातीतल्या एका पोराने लांबून विचारलं,
चावते का?
नाही रे, खाते.

आता रोज रात्री मी तिच्या पायाशी बसतो,
घोट्यामागे दोन बोटं ठेवतो.
नाडी लागू नये म्हणून वाट पाहतो,
लागली तर तशी, दूरवर ढोल वाजल्यासारखी लागावी,
दारात वाजल्यासारखी नको.

तिच्या खुरावर वैशाखाचं वलय आहे,
पुढे अरुंद, टाचेकडे रुंद.
ते केसांच्या कडेपाशी होतं.
उतरतंय.
याकूब म्हणतो, जमिनीला टेकलं
की कानस मारून उडवून टाकेन.
काल मोजलं.
अजून दोन बोटं.