शेपूट

इदवल गेला नोव्हेंबरात
आणि जानेवारीत त्याचा हप्ता आला.

रेक्समचा विमा-दलाल हिऊ, गळ्यातला मफलर न सोडता म्हणाला,
"सहा वर्षं भरावा लागेल, एलिनेड.
माणूस काम थांबवतो, काम थांबत नाही.
त्यानं सही केलेली प्रत्येक तुळई
अजून वजन झेलतेय.
आमच्या धंद्यात ह्याला शेपूट म्हणतात."

हत्ती गेलाच होता.
शेपटाचे हप्ते मी बांधून घेतले,
थेट बँकेतून, दर महिन्याच्या तीन तारखेला.

त्याची कंपनी म्हणजे तो एकटा:
एक व्हॅन, एक शिडी, ओल मोजायचं यंत्र
आणि पितळेची छोटी हातोडी. डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतो
तशी तो भिंतींवर वाजवायचा.
कान लावायचा. मग तीन पानं लिहायचा.
पोर्थमाडोगपासून बालापर्यंत
लोक त्या तीन पानांवर घरं घ्यायचे.

घरी तो चटकन कबूल करायचा.
सूप खारट झालं, चुकलं माझं.
तुझ्या आईशी तिखट बोललो, चुकलं.
कामावर मात्र ह्या शब्दाला परवानगी नव्हती.
पॉलिसीच्या अकराव्या पानावर, बारीक अक्षरात:
आम्हाला न विचारता चूक मान्य केलीत, तर संरक्षण संपलं.

चौथ्या वर्षी पत्र आलं,
ब्लायनायच्या टेग्वेनच्या वकिलाचं.
जुनं चॅपल घेऊन तिनं तिथं कुंभारकामाचा वर्ग काढला होता.
सज्जा दोन बोटं खाली आलाय.
कुणाला लागलं नाही.
अजून तरी.

हिऊ म्हणाला, "तिकडे जाऊ नकोस."
मी गेले.
सज्जाखाली लोखंडी टेकू उभे होते, भाड्याचे,
आठवड्याला नव्वद पौंड, टेग्वेन म्हणाली, आणि चहा ओतला.
फळीवर मुलांचे कच्चे मग, कान अजून लागायचे होते.
तिनं मला काही विचारलं नाही.
मी अकरावं पान दातांखाली धरून
बिस्किट खाल्लं.

रात्री त्याच्या वह्या काढल्या.
चॅपलचं पान सापडलं: मापं, बाण, तड्यांची रुंदी,
आणि कोपऱ्यात पेन्सिलनं
"डावा खांब पोकळ वाजतो? पुन्हा जाऊन बघणे."

तारीख पाहिली.
त्याच आठवड्यात बँगोरच्या इस्पितळात
कुणीतरी त्याच्या पाठीवर बोटं वाजवली होती.
तो पुन्हा गेला नाही.
अहवाल गेला.
अहवालात खांब भक्कम.

शेगडी पेटलेली होती. एक पान फाडायला कितीसा वेळ.
हिऊला फोन लावला, दुसऱ्या कुणाचं विचारल्यासारखं विचारलं:
चूक सिद्धच झाली नाही तर?
"तर कंपनी एक पेनी देणार नाही.
आम्ही चुकीचे पैसे देतो, एलिनेड. नशिबाचे नाही."

म्हणजे इदवल निर्दोष, तर टेकू टेग्वेनच्या गळ्यात.
फोन ठेवला तरी बराच वेळ
मी त्या "पुन्हा"वर बोट ठेवून बसले.
प चा पाय त्यानं नेहमीसारखा लांब ओढलेला.

वही मी कंपनीला रजिस्टर पोस्टानं पाठवली.
खिडकीतली मुलगी म्हणाली,
"आत मौल्यवान काही? विमा उतरवायचा?"
नको म्हटलं.

पहिले अडीच हजार आपल्या खिशातले, तो नियमच असतो.
व्हॅन विकली. हातोडी ठेवली.
ओकचा नवा खांब लागला, मी तो अजून पाहिलेला नाही.

आता चौदा हप्ते उरलेत.
मग कायद्यानंसुद्धा इदवल पूर्ण गेलेला असेल.

परवा टेग्वेननं एक मग पाठवला, चिठ्ठीशिवाय,
कान जरासा वाकडा.
हातोडीनं हळूच वाजवून बघितला.
पोकळ वाजतो.
वाजणारच, मग आहे तो.