सत्तावीस तारीख

सत्तावीस तारखेला निवेस पगार काढते.
खिडकीबाहेर पो नदीचं धुकं,
गोलपोस्टचा एकच खांब दिसतो.

काल मोठ्या शहरातून आले होते ते.
त्यांच्या राखीव गोलकीपरचा पगार
म्हणजे आमचा अख्खा संघ,
अधिक बस, अधिक ओरेस्तेचं गवत कापायचं यंत्र,
अधिक ह्या खोलीतला हीटर,
जो बंदच असतो.
तो गोलकीपर नव्वद मिनिटं
गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन बसून राहिला.

एक-शून्य. आम्ही.
डाव्या बगलेवरच्या ताद्देओचा गोल,
चेंडू कुणाच्या तरी पाठीला लागून आत गेला.
कॉफीच्या दुकानात म्हातारे म्हणाले,
बघ निवेस, पैशाने गोल होत नाहीत!

तिने मान डोलावली.
तिच्या कपाटात एकोणीस वर्षांचे तक्ते आहेत:
कुणी किती पगार वाटला,
मे महिन्यात कोण कितवं आलं.
दोन्ही याद्या सख्ख्या बहिणींसारख्या,
एखाद्या वर्षी
एकीच्या गालावर तेवढा तीळ.

ताद्देओच्या नावापुढे ती लिहिते
विजयाचा बोनस, दोनशे युरो,
आकड्याकडे जरा जास्तच वेळ बघते,
मग खालच्या ओळीत,
वजा: दातांसाठी घेतलेली उचल,
तिसरा हप्ता.