अर्ली

ताळगावच्या हॉलबाहेर सव्वानऊपासून रांग.
माझ्या पुढे सहा फुटी सैनिक, पुठ्ठ्याचं चिलखत,
चंदेरी रंग अजून ओला, कोपरावर कुणाच्या तरी बोटांचे ठसे.
मागे निळ्या केसांच्या दोघी
एकाच कपात आपापली बिस्किटं बुडवत.
मी इस्त्रीचा शर्ट खोचून.
दारावरच्या पोरानं विचारलं, "मुलाला सोडायला आलात?"
म्हटलं, नाही रे. मीच तो मुलगा.
वय एक्केचाळीस, वीज खातं, फोंडा,
तक्रार खिडकी क्रमांक दोन.

त्यानं मनगटाला हिरवा पट्टा चिकटवला.
बरं वाटलं.
कुठेतरी दाखल करून घेतल्यासारखं.

आधी बंदुका.
कुणाला सांगू नका, मला गोळीचं फारसं नाही,
मला आवडतो रिकामा मॅगझिन खाली पडल्याचा आवाज,
नवा बसतानाची खट्,
आणि त्या दोहोंमधला अर्धा सेकंद
ज्यात तुम्हाला कुणी काही विचारू शकत नाही.
पाच जणांचा संघ, पाचही अनोळखी.
हेडफोनात एक बारीक आवाज : "डावीकडे जिना. दोघे येतायत."
मी झाडली.
जिन्यावर अजून कुणी आलंच नव्हतं.
भिंतीचा पोपडा उडाला, माझी जागा कळली,
सगळ्यांच्या आधी मी मेलो.
मेल्यावर इतरांचं बघत बसायचं असतं.
ते मला चांगलं जमतं, सोळा वर्षांची नोकरी आहे.

बारीक आवाज तिसऱ्या खुर्चीत निघाला :
जेनिका कुलासो, कुडतरी, आठवी, दातांना तार.
"अंकल, तुमी बेगीन मारतात.
मातशे रावात."

जेवणानंतर संगीताचं यंत्र.
चार पट्ट्या, वरून रंगीत ठोकळे ओघळत येतात,
रेषेला टेकले की थाप.
बघायला गर्दी. सैनिकही होता, शिरस्त्राण काखेत.
चवथीला तीस वर्षं घुमट वाजवतोय मी,
घोरपडीचं कातडं होतं तेव्हापासून,
मनगटांनी परस्परच ठरवलं : हे काय अवघड.

पहिली थाप. पडद्यावर पिवळी अक्षरं :
अर्ली.
दुसरी. अर्ली.
अर्ली अर्ली, मधे एक निळी चुकून बरोबर,
परत अर्ली.
कोपऱ्यात कुणी हसलं.
मी हसलो नाही. मी वाचत होतो.

नोकरीची ऑर्डर आली
तेव्हा वयाच्या अटीला एकोणीस दिवस उरलेले.
शिरोड्याला विचारायला गेलो
तर तिच्या अंगणात माटोव घातलेला, खुर्च्या उतरत होत्या.
मीही चार उतरवल्या.
बांबोळीला धावत पोचलो
तेव्हा बाबांच्या खाटेवर नवी चादर.
आणि रोज खिडकीवर कुणीतरी :
लाईट येऊनसुद्धा गेली हो परत, तुमचं लिहिणं चालूच.

आणि हे यंत्र,
ज्याला माझं नाव भरायलाही मी घाबरून तीनच अक्षरं दिली,
एका गाण्यात बत्तीस वेळा
मला तोंडावर सांगत होतं
की तू आधी आलास.

परत रांगेत लागलो.
शेजारच्या पट्टीवर जेनिका, जिभेचं टोक बाहेर,
तिचे सगळे निळे.
मलाही आता कळलं होतं कुठे थांबायचं,
एवढं मूर्ख नाही मी.
तरी थोडं आधीच मारत गेलो.
सत्तेचाळिसात सत्तेचाळिसावा.
"अंकल, रावाक जायना तुमकां?"
तिनं अगदी मनापासून विचारलं
आणि उरलेला सोडा मला दिला.

पणजीच्या स्टँडवर पोचलो तर
फोंड्याच्या गाडीचा मागचा लाल दिवा पुलाकडे वळत होता.
बाकावर बसलो, पट्टा न काढता.
मांडीवर बोटं चालूच.
कंट्रोलर म्हणाला, गेली ती.
म्हटलं, माहीत आहे.
पुढच्या गाडीसाठी मी
चाळीस मिनिटं लवकर आलोय.